वाचकांचे प्रश्न : तळटीपा नसलेल्या पानांमागचं तत्त्वज्ञान

कम्युनिस्ट राजवटीच्या शेवटच्या दशकात हंगेरीत आणि शेजारच्या रोमानियात काही हंगेरियन नियतकालिकं सरकारी परवानगीशिवाय, घराघरांतून छापली जात. त्यांच्यामागे कोणते विचारवंत होते, याबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. हंगेरियन रीतीप्रमाणे आडनाव आधी लिहिलं आहे. म्हणजे 'किश यानोश' यातलं किश हे आडनाव.

प्रश्न : 'बेसेलो' हे नियतकालिक लुकाचच्या मार्क्सवादी शिष्यांनी काढलं, असं एका ठिकाणी वाचलं. दुसरीकडे ते उदारमतवाद्यांचं मुखपत्र होतं असं लिहिलंय. खरं काय?

उत्तर : दोन्ही विधानांत थोडं तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या सालांचं. 'बेसेलो'चा पहिला अंक १९८१च्या अखेरीस निघाला. १९८९पर्यंत असे २७ अंक निघाले. संपादक मंडळातला तात्त्विक कणा म्हणजे किश यानोश. तो मार्क्सवादी तत्त्वज्ञ लुकाच द्यॉर्द्यचा थेट शिष्य नव्हता, शिष्यांचा शिष्य होता. लुकाचभोवती हेलर आग्नेश, फेहेर फेरेन्त्स, मार्कुश द्यॉर्द्य, वायदा मिहाय अशी पहिली फळी होती. तिच्या मागून आलेल्या पोरांना बुडापेस्टात थट्टेनं 'लुकाचची बालवाडी' म्हणत. किश आणि त्याचा मित्र बेन्त्से द्यॉर्द्य या बालवाडीतले.

लुकाच जून १९७१मध्ये गेला. त्याच्या हयातीत या मंडळींना एक प्रकारचं संरक्षण होतं, ते संपलं. १९७३च्या मे महिन्यात सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने त्यांच्या लेखनाचा निषेध करणारी भूमिका जाहीर केली आणि हेलर, मार्कुश, वायदा, बेन्त्से, किश वगैरेंच्या नोकऱ्या गेल्या. १९७७मध्ये हेलर, फेहेर आणि मार्कुश ऑस्ट्रेलियाला गेले. किश आणि बेन्त्से मागे राहिले.

मार्क्सपासूनची फारकत मात्र पक्षाने हाकलण्याआधीच सुरू झाली होती, आणि ती रागातून झालेली नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेन्त्से, किश आणि मार्कुश यांनी मिळून मार्क्सच्या अर्थशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला. टीकात्मक अर्थशास्त्र शक्य आहे का, हा त्याचा प्रश्न. मार्क्सला वाचवायला बसलेले हे तिघे, बाजाराशिवाय चालणारा मोठा औद्योगिक समाज मार्क्सच्याच अटींवर उभा राहत नाही, या निष्कर्षाला आले. पुढे बेन्त्से आणि किश यांनी 'मार्क राकोव्स्की' या टोपणनावाने पॅरिसमध्ये १९७७ साली पुस्तक छापलं. सोव्हिएत धर्तीचा समाज भांडवलशाही नाही आणि समाजवादही नाही, ती वेगळ्याच जातीची वर्गव्यवस्था आहे, असं त्यात मांडलंय. भाषा अजून मार्क्सचीच, पण घर रिकामं करायला घेतलेलं. त्याच वर्षी 'चौथ्या दशकातला मार्क्स' हा टंकलिखित संग्रह फिरला. तिशीतल्या वीसेक बुद्धिजीवींना मार्क्सवादाशी त्यांचं नातं काय उरलंय, असं त्यात विचारलं होतं. बहुतेकांची उत्तरं निरोपाची आहेत.

म्हणून 'बेसेलो' हे लुकाचवादी नियतकालिक नव्हे. लुकाचच्या शाळेतून त्याला एकच गोष्ट मिळाली, पण ती मोठी आहे : विरोधकाची भूमिका तिच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडायची आणि मग ती खोडायची. 'बेसेलो'तले अग्रलेख सरकारला शिव्या घालत नाहीत, सरकारचा युक्तिवाद आधी नीट मांडतात. या सवयीचा उगम नैतिकतेत कमी आणि चर्चासत्रांत जास्त आहे.

प्रश्न : मी या अंकांची भाषांतरं वाचतोय. तत्त्वज्ञांची नावं जवळजवळ येतच नाहीत, तळटीपा तर नाहीतच. मग प्रभाव ओळखायचा कसा? अंदाजपंचे काही लिहायचं नाहीये.

उत्तर : नावं मोजू नका. ज्याचं नाव वारंवार येतं त्याच्याशी बहुधा वाद चाललेला असतो, आणि ज्याच्याकडून घेतलंय त्याचं नाव लिहायची गरज लेखकाला वाटत नाही, कारण वाचकही त्याच वर्तुळातला.

आधी तारखा लावा. प्रत्येक मजकुराला तीन तारखा असतात : लिहिल्याची, हातोहात फिरल्याची आणि पुस्तक म्हणून छापल्याची. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. वर सांगितलेला अर्थशास्त्राचा ग्रंथ छापून आला तो १९९२मध्ये. छापील सालावर विसंबलात, तर किश आधी उदारमतवादी झाला आणि मग मार्क्सकडे वळला असा उलटा इतिहास तयार होतो. असे इतिहास लिहिलेही गेलेत.

मग आवृत्ती शोधा. बिबो इश्तवानचं उदाहरण घ्या, कारण या सगळ्या प्रकरणात त्याच्याएवढं वजन कुणाचं नाही. बिबो (१९११–१९७९) कायदेतज्ज्ञ आणि राजकीय विचारवंत. त्याचे मुख्य निबंध १९४५ ते १९४८ या चार वर्षांतले : हंगेरियन लोकशाहीचं संकट, पूर्व युरोपातल्या छोट्या राष्ट्रांची दैना, १९४४नंतरचा ज्यू प्रश्न, हंगेरियन इतिहासाची बंद गल्ली. १९५६च्या सोव्हिएतविरोधी उठावात तो पंतप्रधान नॉद्य इम्रेच्या सरकारात मंत्री झाला. ४ नोव्हेंबरला रशियन सैन्य संसदेत शिरलं तेव्हा तो आत बसून निवेदन लिहीत होता. १९५८मध्ये जन्मठेप झाली, १९६३मध्ये माफी मिळाली. पुढे सांख्यिकी कार्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी. लंडनमध्ये १९६०ला त्याच्या लेखांचा एक खंड निघाला, बर्नमध्ये १९८१पासून चार खंड आले, खुद्द हंगेरीत निवडक निबंध १९८६मध्ये. तेव्हा १९८२च्या लेखात बिबोची छाया दिसली, तर लेखकाने तो जुन्या मासिकांतून, टंकलिखित प्रतीतून किंवा चोरून आलेल्या परदेशी आवृत्तीतून वाचलाय. १९८७च्या लेखात तीच छाया दिसली, तर कदाचित नुसतं दुकानातून पुस्तक आणलंय. दोन्हींना सारखंच वजन देऊ नका.

नंतर त्या विचारवंताचे खास शब्द पाहा. बिबोचा ठसा ओळखायला तीन शब्द पुरतात : 'भीती', 'बंद गल्ली', 'तडजोड'. लोकशाहीवादी असणं म्हणजे सर्वांत आधी न घाबरणं, हे त्याचं सूत्र. समाज भेदरलेला असला की सामूहिक उन्माद येतो आणि खोट्या पायावर करार केले जातात, हे त्याचं निदान. १८६७चा ऑस्ट्रिया-हंगेरी समझोता त्याला असाच वाटे : दोन्ही बाजूंनी स्वतःशी खोटं बोलून केलेला. असा करार टिकवायला मग दोन जातींची माणसं लागतात, असं तो म्हणतो. एक खोटे वास्तववादी, जे असत्यालाच व्यवहार समजतात. दुसरे सत्य दिसूनही ताणाने एकाकी पडलेले. १९५६नंतर हंगेरीची सत्ता हाती असलेल्या कादार यानोशच्या राजवटीवरचा एखादा लेख 'जनतेने गप्प राहायचं आणि सरकारने बरं खायला घालायचं' या अलिखित समझोत्याबद्दल बोलत असेल, तर बिबोचं नाव नसलं तरी चौकट त्याची आहे.

शेवटी लेखाची बांधणी पाहा. हे सगळ्यात कठीण आणि सगळ्यात खात्रीचं. 'बेसेलो'त शोल्त ओत्तिलियाने गरिबीवर लिहिलं. त्यात सिद्धान्त जवळपास नाही. घरात किती माणसं, पगार किती, भत्ता कुणाला नाकारला, कुठल्या कचेरीने कुठलं कारण दिलं, एवढंच. ही समाजशास्त्रज्ञ केमेन्य इश्तवानच्या क्षेत्र-अभ्यासाची शिस्त आहे. गरिबी अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हती त्या काळात तो गरीब आणि रोमा (जिप्सी) वस्त्यांवर काम करत होता, आणि १९७७मध्ये पॅरिसला गेला. शोल्त त्याच्याबरोबर काम केलेली. १९७९मध्ये गरिबांना मदत करणारी स्वतंत्र संस्था उभी करणाऱ्यांत तीही होती. तत्त्वज्ञानाच्या शोधात निघालेले अभ्यासक ही पानं उलटून पुढे जातात, ही आमच्या मते मोठी चूक. लुकाच आणि बिबो यांच्याइतकाच 'बेसेलो' केमेन्यचा आहे. मार्क्सकडून कामगारवर्ग काढून घेतल्यावर खरा कामगार कसा जगतो हे बघायला त्यानेच शिकवलं.

प्रश्न : स्कॅन केलेल्या अंकांत 'लुकाच' शोधलं तर दोन-तीनच ठिकाणी सापडतं. खरोखर इतकं कमी आहे?

उत्तर : नाही, शोधायची पद्धत फसते आहे. तीन कारणं आहेत.

हंगेरियनमध्ये विभक्तीचे प्रत्यय नावाला चिकटतात आणि कधी नावाचा शेवट बदलतो. 'च्याबरोबर' या अर्थाचा प्रत्यय लागला की शेवटचं व्यंजन दुणावतं : लुकाचचं 'लुकाच्चल' होतं. रोमन लिपीत हा च दोन अक्षरांनी लिहितात आणि दुणावताना फक्त पहिलं अक्षर पुन्हा येतं. त्यामुळे पूर्ण नाव टाकलं की ते रूप निसटतं. नावाची पहिली चार अक्षरंच टाका. रूसोसारख्या परक्या नावाला प्रत्यय जोडचिन्हाने लागतो, तेव्हा जोडचिन्ह घालून आणि न घालता, असं दोनदा शोधा.

दुसरं, त्या काळच्या पुष्कळ हंगेरियन टंकयंत्रांवर काही दीर्घ स्वरांच्या कळा नव्हत्या. टाइप करणारा ऱ्हस्व अक्षर वापरायचा, किंवा वर हाताने रेघ मारायचा. अक्षर ओळखणारी संगणक प्रणाली या रेघेला डाग समजते. बिबो स्वरचिन्हासह आणि चिन्हाशिवाय, दोन्ही प्रकारे शोधा. तरी संशय राहिला तर पान डोळ्यांनी वाचणं हाच उपाय.

तिसरं, 'लुकाच' हे हंगेरीत नेहमीचं आडनाव आहे. सापडलेलं प्रत्येक नाव तत्त्वज्ञाचं नसतं.

प्रश्न : घरगुती छपाईचा मजकुरातल्या विचारांवर काही परिणाम झाला, असं म्हणता येईल का?

उत्तर : येईल, आणि तो मोजताही येतो. कार्बन कागद घालून पातळ कागदावर टाइप केलं तर आठ-दहा प्रती वाचण्याजोग्या निघतात. शेवटच्या प्रतीत अक्षरांच्या नुसत्या सावल्या. १९७०च्या दशकातले जाडजूड संग्रह असेच फिरले. बिबोच्या स्मरणार्थ १९८०मध्ये तयार झालेला ग्रंथ ७६ लेखकांचा, सुमारे हजार पानांचा. सरकारी प्रकाशनगृहाने तो नाकारला आणि तो टंकलिखित रूपातच वाचला गेला. युरोपचे तीन ऐतिहासिक प्रदेश मांडणारा स्यूच येनोचा गाजलेला निबंध मुळात त्यातला.

नियतकालिकाला एवढ्या प्रती पुरत नाहीत. भूमिगत प्रकाशक देम्स्की गाबोर १९८१मध्ये पोलंडला जाऊन तिथल्या कार्यकर्त्यांची चौकटीची छपाई शिकून आला. लाकडी चौकटीवर जाळीदार कापड ताणायचं. टंकयंत्राची फीत बाजूला करून मेणकागदावर टाइप करायचं, म्हणजे अक्षरं कापली जातात. तो कागद कापडाखाली लावायचा आणि वरून शाई रबरी पट्टीने ओढायची. कळ जोरात आपटली की 'ओ'सारख्या बंद अक्षराचा मधला तुकडा गळून पडतो आणि छापताना तिथे काळा ठिपका येतो. हळू आपटली तर मेण कापलंच जात नाही. शाई पातळ झाली की कागदाच्या मागे उतरते. मेणकागद फाटला की ते पान पुन्हा टाइप करावं लागतं, आणि म्हणूनच एकाच अंकाच्या दोन प्रतींत शब्दांचा फरक सापडू शकतो. उद्धृत करण्याआधी दुसरी प्रत जरूर ताडून बघा.

आता हिशोब करा. शंभर पानांचा अंक, हजार प्रती, म्हणजे एक लाख वेळा शाई ओढायची. अशा वेळी तळटीपेच्या चार ओळी म्हणजे चैन. लांब तात्त्विक निबंध वेगळ्या पुस्तिकांत गेले. तत्त्वज्ञ तमाश गाश्पार मिक्लोशचं 'डोळा आणि हात' हे अराज्यवादाकडे झुकणारं पुस्तक १९८३मध्ये देम्स्कीच्याच भूमिगत प्रकाशनाने काढलं. मानवी हक्कांवरचा किशचा प्रबंध पॅरिसमधल्या हंगेरियन प्रकाशकाकडून आला. नियतकालिकात उरलं ते वृत्त, दस्तऐवज आणि आटोपशीर वाद. 'बेसेलो' तत्त्वज्ञानविरहित वाटतं याचं निम्मं कारण त्या चौकटीत आहे.

उरलेलं निम्मं कारण पोलंडच्याच दुसऱ्या आयातीत. पोलंडमधला विरोधी विचारवंत आदाम मिख्निक याने १९७६मध्ये मांडलं होतं की सत्ता उलथायचीही नाही आणि सत्ताधाऱ्यांना सल्लाही द्यायचा नाही. समाजाने कायद्यातल्या हक्कांचा वापर उघडपणे सुरू करायचा. 'बेसेलो'च्या संपादकांनी स्वतःची नावं आणि पत्ते छापले ते यातूनच. राइक लास्लोच्या बुडापेस्टातल्या घरी दर मंगळवारी अशी प्रकाशनं उघड विकली जात. ती जागा पोलिसांना माहीत होती आणि गिऱ्हाइकांनाही.

प्रश्न : 'बेसेलो'च्या १९८७च्या 'सामाजिक करार' या विशेषांकाचं नाव रूसोवरून घेतलेलं दिसतं. मजकूरही रूसोचाच का?

उत्तर : नाही. नाव सोडलं तर रूसो तिथे फारसा नाही. त्या जूनमध्ये निघालेल्या अंकाचं गाजलेलं वाक्य म्हणजे 'कादारने गेलंच पाहिजे'. बाकीचा मजकूर त्या वाक्याच्या मानाने फारच संयमी आहे. पक्षाची सत्ता ताबडतोब संपवा, असं तो म्हणत नाही. तिला कायद्याची चौकट घाला, संसदेला खरे अधिकार द्या, न्यायालयं स्वतंत्र करा, वृत्तपत्रांना कायद्याचं संरक्षण द्या, कामगारांचे आणि गरिबांचे हक्क सांभाळा, असं म्हणतो. रूसोच्या अविभाज्य लोकेच्छेला सत्तेची अशी वाटणी मुळीच रुचली नसती.

त्यात दोन प्रवाह एकत्र आलेत. तडजोड हवी पण ती उघड्या डोळ्यांनी केलेली, हा बिबो. व्यक्तीचे हक्क बहुमताच्या किंवा राष्ट्राच्या फायद्यासाठी खर्ची घालता येत नाहीत, ही किशची त्या वर्षांतली भूमिका. तिथे तो कांटपासून रॉल्स आणि ड्वॉर्किन या उदारमतवादी तत्त्वज्ञांपर्यंतच्या परंपरेत उभा आहे. हे दोन प्रवाह नेहमी जुळत नाहीत. बिबो समाजाच्या मानसिक आरोग्याचा विचार करतो, किश समर्थनाचा : ही सत्ता मला कुठल्या कारणाने बांधील करते? 'सामाजिक करार' वाचताना प्रत्येक मागणीपुढे बि किंवा कि असं लिहून बघा. मध्येच एखादी अशी येते की दोन्ही अक्षरं लिहावी लागतात. वाचण्याजोग्या जागा त्याच.

प्रश्न : हामवाश बेलाचं लेखनही टंकलिखित प्रतींतून फिरत होतं. त्याचा 'बेसेलो'वर प्रभाव होता का?

उत्तर : नाही. तो वेगळा प्रवाह, आदिम ज्ञानपरंपरेचा शोध घेणारा, फ्रेंच लेखक गेनाँशी नातं सांगणारा. हामवाशची ग्रंथपालाची नोकरी १९४८मध्ये गेली. पुढे वीजकेंद्रांवरच्या गोदामांत काम करत तो लिहीत राहिला आणि १९६८मध्ये वारला. एक खोच मात्र सांगण्यासारखी : १९४०च्या दशकात त्याच्या कलाविषयक पुस्तकावर तुटून पडणारा टीकाकार लुकाच होता. टंकलेखनाचे कागद तेच, वाचकवर्ग वेगळे.

प्रश्न : रोमानियातल्या 'एलेनपोन्तोक' या हंगेरियन नियतकालिकामागे हेच विचारवंत होते का?

उत्तर : काही समान, पण प्रश्न वेगळा असल्यामुळे उत्तरही वेगळं. 'एलेनपोन्तोक' नॉद्यवारादला, म्हणजे रोमानियन नावाने ओरादेआला, १९८१च्या डिसेंबरपासून निघालं. अरा-कोवाच अत्तिला, तोत कारोय आणि इलोना, सोच गेझा ही त्यामागची माणसं. आठ अंक निघाले, नोव्हेंबर १९८२मध्ये धरपकड झाली, तरी नववा अंक जानेवारी १९८३मध्ये आला. (रोमानियात टंकयंत्रांची नोंदणी सक्तीची करणारा हुकूम त्यानंतरचा, मार्च १९८३चा. या नियतकालिकाच्या संदर्भात तो आधीचा म्हणून सांगतात, ते चूक.)

रोमानियातल्या तरुण हंगेरियन लेखकांवर कोलोझवारच्या (रोमानियन नाव क्लुज) ब्रेत्तर द्यॉर्द्यचा पगडा होता. हा तत्त्वज्ञ १९७७मध्ये अकाली गेला. सत्तेची भाषा वाक्यावाक्याने सोलून बघायची, हे त्याचं शिक्षण. तमाश गाश्पार मिक्लोशही त्याच वर्तुळातून १९७८मध्ये बुडापेस्टला आला आणि ती धार सोबत घेऊन आला.

आठव्या अंकात माद्रिदच्या युरोपीय सुरक्षा परिषदेला उद्देशून निवेदन आणि मागण्यांचा मसुदा आहे. तो 'बेसेलो'च्या लेखांशेजारी ठेवून वाचा. किशच्या मांडणीत हक्काचा धनी व्यक्ती. इथे धनी म्हणून समुदाय येतो : आम्ही हंगेरियन राष्ट्राचा भाग आहोत आणि रोमानियाचे समान नागरिकही, दोन्ही एकाच वेळी. शाळा, भाषा, संस्था यांचं रक्षण एकेका माणसाच्या हक्काने होत नाही, हा त्यांचा अनुभव. शुद्ध उदारमतवादी चौकटीत ही मागणी अवघडून बसते. बिबोच्या चौकटीत बसते, कारण पूर्व युरोपात राष्ट्राच्या अस्तित्वाची भीती आणि स्वातंत्र्याची मागणी वेगळी काढता येत नाही, असं तोच म्हणाला होता. बुडापेस्टच्या आणि नॉद्यवारादच्या अंकांत एकच पूर्वज शोधायचा असेल, तर तो लुकाच नसून बिबो आहे, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : मूळ अंक कुठे बघायला मिळतात? पोलिसांच्या फायलींवर विसंबावं का?

उत्तर : बुडापेस्टमधल्या ओपन सोसायटी अर्काइव्हमध्ये भूमिगत प्रकाशनांचा मोठा संग्रह आहे, पश्चिमेतून पूर्व युरोपसाठी प्रसारण करणाऱ्या रेडिओ फ्री युरोपच्या हंगेरियन विभागाची कात्रणं आणि टिपणंही तिथेच आहेत. ती जरूर पाहा : हजार-दोन हजार प्रतींचा मजकूर या रेडिओवरून वाचला गेला की कितीतरी पट लोकांपर्यंत जाई, आणि तिथे त्यातला कुठला भाग वाचला गेला हे कळतं. सेचेन्यी राष्ट्रीय ग्रंथालयातही अंक आहेत.

गुप्तचर खात्याच्या फायली वेगळ्या अर्काइव्हमध्ये आहेत. कोण कुठे, किती वाजता भेटलं, किती प्रती जप्त झाल्या, यासाठी त्या कामाच्या. विचारांच्या बाबतीत मात्र सांभाळून. खबऱ्याला तत्त्वज्ञान कळलं असेलच असं नाही, आणि त्याच्या वरिष्ठाला रकान्यात भरायला एक शिक्का हवा असे. एकाच माणसाला एका अहवालात अतिडावा आणि पुढच्यात बुर्ज्वा म्हटलेलं आढळलं, तर त्याचे विचार बदलले असं धरू नका. आधी अहवाल लिहिणारा बदलला का, ते तपासा.